बदली माणूस

२४ ऑक्टोबर

तिहोमिरकाकांची खुर्ची आजपासून माझी. इतकी खचली आहे की बसलं की हनुवटी टेबलाला लागते. काका परवाच लेकीकडे ऑस्ट्रियात गेले. जाताना म्हणाले, "पोरी, खुर्ची बदलू नकोस, ती मेहनतीने खचवली आहे." मी मनात म्हटलं, आधी तीच बदलते.

आता या तोप्लानाची डायरेक्टर मी. आमचं काम सांगायला सोपं. कोळशावर पाणी तापवायचं आणि पाइपांतून घराघरांत, शाळेत, दवाखान्यात फिरवायचं. हिवाळाभर ते चाललं तर कुणी आभार मानत नाही. पण डिसेंबरात एक दिवस थांबलं की गाव आईवरून शिव्या देतं.

मागच्या हिवाळ्यात थांबलं होतं. आमचा बॉयलरवाला स्रेतेन न्यूमोनियाने आडवा झाला, त्याच्या जोडीचा पाइपवालाही नेमका तेव्हाच तापाने पडलेला, आणि दोन दिवस गाव कुडकुडलं. त्यावरून नगरपालिकेने बजावलंय: या हिवाळ्यात एकदा जरी गाव गार पडलं, तर तोप्लाना बाहेरच्या कंपनीला. ती कंपनी म्हणे आपली माणसं घेऊन येणार. म्हणजे आमची सगळी घरी. कोळशाचा भरवसा नाही, गॅस परवडत नाही, वर ही टांगती तलवार. काय दिवस पाहून डायरेक्टर झाले मी!

२९ ऑक्टोबर

डोंगरातल्या हॉटेलात तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथून परतले. विषय: अनिश्चित काळात संस्था टिकवायची कशी. शिकवणारा पोरगा माझ्या लेकाएवढा, पण बोलायला पक्का. "संकट येणारच. प्रश्न एवढाच, की तुमचं काम एकाच माणसाच्या डोक्यात अडकलंय का? प्रत्येकाला बदली माणूस हवा!" मी टाळ्या वाजवल्या. आमचं दुखणं नेमकं हेच तर होतं. जेवण मात्र यथातथाच, सूपात नूडल शोधावा लागत होता.

३ नोव्हेंबर

आज बैठक घेतली आणि तिहोमिरकाकांच्या जोड्या मोडल्या.

म्हातारा खत्रूडच. न पटणाऱ्या दोघांना नेमकं एकत्र जुंपायचा. बॉयलरवरचा स्रेतेन आणि पाइपांवरचा ओब्राद, दोघांना त्याने वर्षानुवर्षं एकमेकांच्या पाळीत ठेवलं. म्हणजे याने त्याचं काम शिकायचं, त्याने याचं. आणि हे दोघे सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत! ओब्रादने स्रेतेनचं राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळायचं तांब्याचं भांडं नेलं आणि पोचा पाडून, तळ करपवून परत दिलं, तेव्हापासून. जाणूनबुजून माणसांचा असा छळ कशाला करायचा?

मी जाहीर केलं, "आजपासून आपापला बदली माणूस आपणच निवडायचा. ज्याच्याशी पटतं, ज्याच्यावर विश्वास आहे, तो."

काय चेहरे खुलले! स्रेतेनने चुलतभाऊ मिलादिनला निवडलं. ओब्रादने सख्खा भाऊ वितोमिर. म्हणजे बॉयलर एका घराण्याकडे, पाइप दुसऱ्याकडे. स्रेतेन आणि ओब्रादला आता एकमेकांचं तोंडही पाहायला नको. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना तुरुंगातून सोडवलं.

फोनवर तक्रारी घेणारी यागोदा तेवढी फिसकन हसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, ताई. घरचंच लग्न लागलं म्हणायचं."

हिला प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवयच आहे.

१६ नोव्हेंबर

आमच्या घरची स्लावा, म्हणजे कुळाच्या संताचा सण. आमचा संत जॉर्ज. सासऱ्यांकडून नवऱ्याकडे आली, तो गेल्यापासून मी चालवते. सगळं रीतसर. सुट्टी घेतली, मेणबत्ती लावली, पाद्री येऊन पाव कापून गेले. स्लावेचं आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं आणि आलेल्याला परत पाठवायचं नसतं, त्यामुळे अर्धं गाव येऊन जेवून गेलं. दुपारी मीठ संपलं, पण मेणबत्ती जळतेय तोवर यजमान उंबरा कसा ओलांडणार? शेजारणीला पाठवलं.

यागोदा दोनदा जेवली आणि म्हणाली, "कोबीच्या गुंडाळ्या जरा कोरड्याच झाल्यात." तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणाली!

२१ नोव्हेंबर

देवदूत मिखाइलची स्लावा. तोप्लानातल्या बऱ्याच जणांची ही, उरलेल्यांची संत निकोलाची, पुढच्या महिन्यात. आधी ओब्रादकडे गेले. भाजलेलं डुक्कर अप्रतिम. तिथून शेजारी वितोमिरकडे. तिथेही डुक्कर, वर बायकोने केलेला अक्रोडाचा केक. पोटाला तडस लागली.

जेवताना यागोदाचा फोन. "ताई, पंपघरात पाइप ठिबकतोय."

"मग ओब्रादच्या बदली माणसाला सांग ना! त्यासाठीच तर नेमलाय."

"तो आत्ता तुम्हाला केक वाढत असेल," म्हणाली आणि खदखदून हसली. डायरेक्टरशी बोलायची ही काय पद्धत? मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी कळलं, खाली घमेलं ठेवून भागवलं. म्हणजे पाइपवाले रजेवर असूनही काही अडलं नाही. योजना चालते आहे! प्रशिक्षणातल्या पोराला कळवायला हवं.

२ डिसेंबर

नगरपालिकेतून फोन. उत्तरेकडून काल्मान नावाचे हंगेरियन इंजिनियर येणार, तोप्लाना पाहणार आणि अहवाल देणार. कंत्राट आपल्याकडे राहायचं की नाही ते त्या अहवालावर. तारीख आम्हीच सुचवायची होती.

मला एकदम सुचलं. एकोणीस! निकोलाची स्लावा. त्या दिवशी स्रेतेन कायदेशीर रजेवर असणार. गावात घराघरांत पाहुणे, सगळ्यांना ऊब हवी. आणि आमचा मुख्य माणूस नसतानाही आमचे बॉयलर मजेत चाललेले काल्मानसाहेब स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार. याहून मोठा पुरावा कोणता?

स्वतःवरच खूश होऊन दुकानातून क्रीमचा मोठा केक आणला. एकटीनेच खाल्ला.

८ डिसेंबर

आज स्रेतेन केबिनमध्ये आला. टोपी हातात घेऊन फिरवत उभा.

"बाई, ते एकोणीस तारखेचं..."

"दिली सुट्टी!"

"सुट्टीचं नाही. म्हणजे सुट्टीचंच, पण मिलादिन..."

"मिलादिन तुमच्या जागी. ठरलंय सगळं."

"तेच म्हणतोय, बाई. मिलादिनच्या घरी..."

"स्रेतेन, तुम्ही अजिबात काळजी करू नका. निवांत स्लावेचे मासे तळा. पाहणीचं मी बघते."

बिचारा आणखी थोडा वेळ टोपी फिरवत राहिला आणि गेला. जबाबदार माणसाला एक दिवस काम सोडणंसुद्धा किती जड जातं! डोळे भरून आले माझे.

१२ डिसेंबर

कोळशाचे ट्रक अखेर आले. ओला आहे, पण आहे. नवी खुर्चीही आली. पाठ दुखते तिच्यात.

१८ डिसेंबर

मेले. पुरती मेले.

सकाळी उद्याची पाळी फळ्यावर लावत होते. बॉयलर: मिलादिन. यागोदा मागे उभी राहून सफरचंद खात होती.

"ताई, मिलादिन उद्या कसा येईल?"

"कसा म्हणजे? चालत."

"अहो, त्याचीही स्लावा आहे ना."

"स्रेतेनची आहे."

"स्रेतेनचा चुलतभाऊ ना तो? एक आजोबा, एक कूळ, एकच संत. घरं दोन, मेणबत्त्या दोन."

मी खडूसकट खाली बसले. आणि मग महिन्याभरापूर्वीचं आठवलं. ओब्राद आणि वितोमिर. एका दिवशी दोघांच्या घरी मी डुक्कर खाऊन आले, दोघांचं ताट चाटून पुसून, आणि पाइपांवर एकही माणूस नाही हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही! त्या दिवशी पाइप फुटला असता तर?

"तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. तुम्ही फोन आपटलात."

मिलादिनला बोलावलं. तो म्हणाला, "मला वाटलं, स्रेतेन येईल. त्याच्याकडे सून आहे, ती सगळं बघते." स्रेतेनला बोलावलं. तो म्हणाला, "मला वाटलं, मिलादिन समजून घेईल. माझ्याकडे पाद्री सकाळीच येतात." आणि दोघे माझ्यासमोरच सुरू झाले.

"तू धाकटा, तू जा."

"तू थोरला, तू समजूतदार हो."

"माझ्याकडे चाळीस माणसं येतात!"

"तुझ्याकडे फुकट राकिया असते म्हणून येतात!"

कुणाला मेणबत्ती सोडून ये म्हणायची माझी जीभ रेटेना. मी स्वतः मिठासाठी उंबरा ओलांडला नव्हता.

काल्मानसाहेबांना तारीख बदलून मागितली, तर ते आधीच निघालेले. शेवटी तिहोमिरकाकांना फोन लावला. सगळं ऐकून म्हातारा इतका हसला की खोकल्याची उबळ आली.

"पोरी, तुला काय वाटलं, त्या दोघांना मी भांडायला एकत्र ठेवलं होतं? स्रेतेनचा संत निकोला, ओब्रादचा मिखाइल. एक मेणबत्तीपाशी बसला की दुसरा बॉयलरपाशी. ज्यांचं पटतं त्यांच्या जोड्या लावल्या तर सगळे भाऊ-भाऊच जमतात."

"मग हे सांगून जायचं ना!"

"तू विचारलंस का? तू तर खुर्ची बदलायला निघाली होतीस."

लाज वाटली, रडू आलं आणि हसूही आलं. मग डोळे पुसून ओब्रादकडे गेले. तो पाइपाखाली आडवा होता, नुसते बूट दिसत होते. त्या बुटांनाच सांगितलं सगळं. बूट एकदा हलले.

"उद्या सकाळी येतो," ते म्हणाले. "पण त्याच्याशी बोलणार नाही."

२० डिसेंबर

काल लिहायला जमलं नाही. आता सगळं लिहिते, एकही गोष्ट विसरायची नाहीये.

सकाळी स्रेतेन रात्रपाळी संपवून स्लावेला घरी गेला. ओब्रादने बॉयलर हातात घेतला, आणि त्याचे हात पाहून माझा जीव भांड्यात पडला. काही विसरला नव्हता. बाहेर गुडघाभर बर्फ, आत बॉयलर गुरगुरतोय. काल्मानसाहेब आले. उंच, बारीक, हात पाठीमागे बांधलेले, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. मी योजनेबद्दल बोलू लागले. ते माझं ऐकत होते आणि पाण्याच्या तापमानाच्या काट्याकडे बघत होते.

काटा खाली येत होता.

ओब्राद दोन नंबरच्या बॉयलरच्या झडपेशी झटत होता. "ही नवी आहे," तो दातांतून म्हणाला. "उन्हाळ्यात बदलली त्याने. मला ठाऊक असलेली जुनी होती."

बाहेर घराघरांत मेणबत्त्या, पाहुणे, म्हाताऱ्या, तान्ही पोरं. आणि काटा खालीच.

"स्रेतेनला फोन लाव," मी यागोदाला ओरडले.

"मी नाही बोलणार त्याच्याशी," ओब्राद.

"तुला कोण बोलायला सांगतंय? तू झडप धर," म्हणत यागोदाने फोन कानाला लावला. पलीकडे स्रेतेनच्या घरातला कल्ला इथपर्यंत ऐकू येत होता. "स्रेतेनदादा? स्लावेच्या शुभेच्छा. झडप अडलीय. हो, तोच आहे. नाही, नाही बोलत म्हणतो. तू पण नाही? छान. मग मला सांग." तिने मान वर केली. "तो म्हणतो, अर्धा फेरा."

"कुठल्या बाजूला ते विचार," ओब्राद म्हणाला.

"तो म्हणतो, डावीकडे. म्हणतो, ज्या हाताने लोकांच्या भांड्यांना पोचे पाडतोस त्या हाताने."

"त्याला सांग, भांडं त्याच्या आजोबांच्या वेळचंच फुटकं होतं!"

"हा म्हणतो, भांडं आधीच... अरे ओरडू नको, कान फुटला माझा! तो म्हणतो, आधी थोडी मागे घे, मग पुढे. हळू. म्हणतो, बायकोचा हात धरल्यासारखी धर."

"त्याच्या की माझ्या?"

यागोदाने हे पलीकडे सांगितलं. अख्ख्या स्लावेचं हसणं फोनमधून बाहेर आलं. पाद्रीसुद्धा हसले असावेत, कुणीतरी जाड आवाजात "प्रभू, क्षमा कर" म्हणालं.

झडप सुटली. काटा थरथरला, थांबला आणि वर चढू लागला. ओब्राद जमिनीवर बसला आणि काळ्या हाताने कपाळ पुसलं. मी भिंतीला टेकून उभी होते. काल्मानसाहेबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हे दोघे किती वर्षं बोलत नाहीत?"

"सहा," मी म्हटलं. आता लपवून काय उपयोग?

"आणि याला त्याचा बॉयलर येतो?"

"येतो."

"कुणी शिकवला?"

"त्यानेच," मी म्हटलं. "एक शब्द न बोलता."

त्यांनी काट्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "आणि ही कुणाची कल्पना?"

जिभेवर 'माझी' आलं होतं, खोटं कशाला बोलू! पण समोर ओब्राद काळ्या तोंडाने बसला होता. "आधीच्या डायरेक्टरांची. मी ती मोडली होती. आज परत जोडली, गरजेपोटी," मी म्हणाले. म्हटलं, गेलं कंत्राट. जाऊ दे, निदान झोप तरी लागेल.

दुपारी ओब्रादच्या जागी वितोमिर आला. तो बॉयलरला अजून बिचकतो, पण दोन-तीन तास कोळसा टाकायला पुरे. काल्मानसाहेब कोट चढवत म्हणाले, "फोनमधून तळलेल्या माशांचा वास येत होता."

आमंत्रण लागत नाहीच. आम्ही चौघेही निघालो, मी, यागोदा, काल्मानसाहेब, आणि मागे दहा पावलं सोडून ओब्राद, बर्फाला शिव्या देत. तो का येतोय हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो परत फिरला असता.

दार स्रेतेननेच उघडलं. यजमान ना. पांढरा शर्ट, विंचरलेले केस, मागे मेणबत्ती जळतेय. आम्ही आत गेलो. ओब्राद पायरीवरच थांबला, हातात राकियाची बाटली. सून हातात ताट घेऊन तशीच उभी. स्रेतेन ओब्रादकडे बघतोय, ओब्राद स्वतःच्या बुटांकडे.

"झडप कितीवर ठेवलीस?" स्रेतेन म्हणाला.

"अर्ध्यावर."

"पाऊण ठेवायची असते." मग जरा थांबून, "आत ये, बाबा. दारातून थंडी येतेय."

सहा वर्षांनी पहिला शब्द, आणि तोही झडपेचा! मी यागोदाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिने माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "ताई, नाक माझ्या ब्लाउजला पुसू नका." काल्मानसाहेबांनी तीनदा मासे घेतले. वितोमिरसाठी एक ताट बांधून पाठवलं.

२७ डिसेंबर

अहवाल आला. तोप्लाना आपला राहिला! नगरपालिकेत मी टेबलावर चढायचीच बाकी होते.

काल्मानसाहेबांनी लिहिलंय, यंत्रं जुनी, कोळसा ओला, पण माणसं एकमेकांची कामं जाणतात. जुन्या जोड्या पुन्हा लावाव्यात. एक अट मात्र घातली आहे. "डायरेक्टरांना बदली माणूस नाही. तो नेमावा."

मी वाचून चकित. सगळ्यांचा बदली माणूस शोधत फिरले आणि माझी जागा रिकामीच! थोडा रागही आला. मला कसला बदली माणूस? माझं काम करणार कोण?

बैठकीत विचारलं. सगळ्यांनी एका सुरात यागोदाकडे बोट दाखवलं. जणू सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, मीच सोडून. तिचा संत योहान, माझा जॉर्ज. आमचं पटत तर अजिबात नाही. तिहोमिरकाकांच्या हिशेबाने याहून उत्तम जोडी शोधून सापडणार नाही.

"पगार वाढणार का?" यागोदाने विचारलं.

"खुर्ची मिळेल," मी म्हटलं.

"पाठ दुखते तिच्यात. जुनी परत आणा."

१४ जानेवारी

परवा तोप्लानाच्या दारातच बर्फावरून घसरले. घोटा मुरगळला. डॉक्टर म्हणाला, दोन आठवडे घराबाहेर पडायचं नाही. मी म्हटलं, अशक्य, गाव गार पडेल. तो म्हणाला, बघू या पडतं का.

काल बाहेर उणे अठरा होतं. कोळशाचे ट्रक दोन दिवस घाटात अडकले, हे मला शेजारणीकडून कळलं. तोप्लानातून एकही फोन नाही. मी फोन उशाशी घेऊन बसले. दुपारी राहवेना, मीच केला.

"यागोदा, ट्रकचं काय केलंस?"

"शेजारच्या गावच्या तोप्लानाकडून उसना घेतला कोळसा. आमचे ट्रक आले की त्यांना देणार."

"ते देतात उसना?"

"दरवर्षी देतात, ताई. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. तिला माझं सगळं काम कसं काय येतं, देव जाणे. "अजून काही अडचण?" मी विचारलं.

"काही नाही. पाय वर ठेवा. फोन अडवू नका, तक्रारी घ्यायच्यात."

"तक्रारी? कसल्या?"

"लोक म्हणतायत, घरात फार उकडतंय. खिडक्या उघड्या टाकून बसलेत."

फोन ठेवला. लंगडत रेडिएटरपाशी गेले आणि त्यावर हात ठेवला. चटका बसेल इतका गरम. मी नव्हते, आणि गरम होता. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. मग मीही उठून खिडकी उघडली.